धनेशाच्या आवाजाची पुंगी

मी पुंगी बोलतेय. नागासमोर डोलत वाजवतात ती नव्हे, गैरसमज नको. मी वीतभर बांबूची, आतून तापल्या सळईने कोरलेली, आणि माझ्या घशात बांबूचीच एक पातळ पट्टी बसवलेली आहे. जोरात फुंकलं की माझ्या तोंडून धनेश पक्ष्याचा आवाज निघतो. तोच घोगरा, भुंकल्यासारखा, दरीपलीकडे पोचणारा. खरा धनेशसुद्धा फसतो. मला त्याचा फार तोरा होता. आता त्याच आवाजाची मला शरम वाटते.

मला बाबांनी घडवलं. बाबा शिकारी होते, त्यामुळे माझा जन्म कशासाठी झाला हे उघड आहे. मी साद घालायची, नराला वाटायचं कुणी परका आपल्या हद्दीत घुसलाय, तो तावातावाने यायचा आणि बाबांच्या हाती लागायचा. मी काही साळसूद नाही.

पण बाबांचा आणि त्यांच्या साथीदारांचा एक नियम होता. धनेशाची मादी अंडी घालायला उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग पिल्लू मोठं होईपर्यंत तिला आणि पिल्लाला नरच बाहेरून भरवतो. तो आला नाही तर आतल्यांनी खायचं काय? म्हणून मादी ढोलीत बसली की बाबा माझ्या तोंडात मेण भरायचे आणि मला चुलीवरच्या वाशाला टांगून ठेवायचे. पिल्लू उडेपर्यंत मी धूर खात गप्प. कुणी बघायला नसायचं, तरी हा नियम कुणी मोडत नसे.

पुढे शिकार बंद झाली. बाबांना दम्याने अंथरुणाला खिळवलं. आणि आमच्या जंगलात पक्षी बघायला पाहुणे यायला लागले. फार जुनं जंगल आहे ते, माणसाच्याही आधीचं म्हणतात. झाडांची मुळं भिंतींसारखी उभी, एकेका मुळाआड अख्खं कुटुंब लपेल. भर दुपारी खाली संध्याकाळचा उजेड. वर कधीतरी पाऊस पडून गेलेला असतो आणि खाली मात्र पानांवरून सावकाश गळत राहतो. बाबांची थोरली लेक तिथे वाटाडी झाली. पाहुणे तिला ताई म्हणत. ती त्यांना लाकडी पुलावरून नेई, हळू बोला सांगे, फूल तोडू देत नसे. बिस्किटाचा कागद कुणी टाकला तर स्वतः उचलून त्याच्याच हातात देई, तेही हसून.

मला ती पिशवीत घालून नेऊ लागली. वाजवायला नाही हं, दाखवायला. "बघा, पूर्वी असं फसवायचे," म्हणून ती मला सगळ्यांच्या हातात फिरवायची. माझ्या तोंडात मेण असायचंच. पाहुणे मला उलटसुलट करून बघत, फुंकून बघत, आणि हसून परत देत.

घोळ झाला तो दिवसांचा. पावसाळ्यात वाटा निसरड्या आणि जळवा पायाला डसतात, म्हणून पाहुणे यायचे ते कोरड्या महिन्यांत. मादी ढोलीत बसते तीही त्याच महिन्यांत.

गेल्या वर्षी एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आली होती. मास्तरांची नजर जात चालली होती. बाई वाटेत थांबून त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायच्या. त्यांना एकच हौस होती, धनेश बघायचा. रोज सकाळी येऊन बसले, पण पक्षी काही दिसला नाही. परतायच्या दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, नसेल नशिबात. पुढच्या वर्षी येऊ."

"अगं, पुढच्या वर्षी पक्षी येईल," मास्तर म्हणाले, "पण बघू कशाने?"

हे ते हसतच म्हणाले. पण थोरलीचा चेहरा उतरला. तिने पिशवीतून मला काढलं, केसातला आकडा काढला आणि माझ्या तोंडातलं मेण टोकरून टाकलं. "एकदाच," असं ती पुटपुटली. कुणाला सांगत होती कोण जाणे. मग एक मोठा श्वास घेऊन तिने मला फुंकलं.

आला तो. पंखांचा आवाज आधी आला, मग भलीमोठी पिवळी चोच. अगदी समोरच्या फांदीवर. मास्तरांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. परक्याला हाकलायला धनेशाने चोच उघडली आणि चोचीतली पिकली उंबरं टपटप खाली पडली.

"अय्या, आपल्याला प्रसाद टाकला बघा," बाई म्हणाल्या.

ती उंबरं कुणासाठी होती हे थोरलीला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ती खाली बघत उभी राहिली. मास्तरांनी विचारलं, "ताई, आणखी एकदा वाजवता? आवाज फोनमध्ये भरून घेतो. डोळे गेले तरी कान आहेत." तिने पुन्हा वाजवलं. नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं, आणि मला तर नाही म्हणता येतच नाही.

मग काय, एका पाहुण्याने दुसऱ्याला सांगितलं. येणारा प्रत्येक जण विचारू लागला, "ताई, तुम्ही पक्षी बोलावता ना?" कुणाची लेकरं लांबून आलेली, कुणाचा वाढदिवस. थोरली दर वेळी स्वतःला बजावायची, आज शेवटचं. नर दर वेळी यायचा. हळूहळू तो ढोलीकडे जायचाच कमी झाला. समोरच्या झाडावर मान ताठ करून बसायचा आणि परक्याला शोधत राहायचा. तो परका माझ्या पोटात होता, त्याला कसा सापडणार?

एके सकाळी ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं. मादी बाहेर फांदीवर बसली होती, पिसं झडलेली, धड उडता न येणारी. एरवी पिल्लाला भूक लागली की आतून चिरका आवाज यायचा. थोरली झाडाखाली खूप वेळ उभी राहिली. आवाज आला नाही.

घरी येऊन तिने मला बाबांच्या उशाशी ठेवलं आणि सगळं सांगितलं. बाबांनी मला हातात घेतलं, उघड्या तोंडावरून अंगठा फिरवला.

"पोरी, मी मारायला जायचो," ते म्हणाले, "तरी या दिवसांत कधी फुंकली नाही."

"मी तर मारायला गेलेच नव्हते, बाबा," ती म्हणाली आणि रडली.

बाबांनी मेण तापवायला सांगितलं. मला तिने धरलं, मेण त्यांनी भरलं.

यंदा ती जोडी पुन्हा त्याच ढोलीत आली. आमच्यावर केवढे उपकार म्हणायचे. लिंपण झालंय, फटीतून चोच दिसते. थोरली पाहुण्यांना लांबच थांबवते. पक्षी दिसला तर दिसला. काही जण कुरकुरतात, एक जण तर तोंडावर म्हणाला की फुकट आलो. ती ऐकून घेते. रोज संध्याकाळी घरी आली की आधी बाबांना सांगते, "आज चोच दिसली." बाबा हुं करतात आणि मग कुठे जेवायला उठून बसतात.

आज सकाळी ती कपबश्या विसळत होती आणि जंगलातून माझा आवाज आला.

"पोरी, काढलीस परत?" बाबा आतून ओरडले.

तिने मान वर केली. मी वाशाला होते, तोंडात मेण होतं. आवाज पुन्हा आला. ती ओल्या हातांनी, अनवाणीच धावत सुटली.

परत आली ती दारातच बसली. दुसऱ्याच वाटाड्याबरोबर आलेले पाहुणे होते, फोनला स्पीकर जोडून वाजवत होते. तिने थांबवलं. आवाज कुठून मिळाला विचारलं तर म्हणे, कुणीतरी पाठवला. तिने मास्तरांना फोन लावला. मास्तरांना आता दिसत नाही. ते घाबरून म्हणाले, "ताई, मी फक्त नातीला पाठवला होता. तिने कुणाला दिला कोण जाणे. माझ्याकडचा आत्ता पुसायला सांगतो हिला." मग म्हणाले, "रोज ऐकत होतो हो."

फोन ठेवून थोरली म्हणाली, "बाबा, तो आवाज माझाच आहे. फुंकायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो त्यात."

बाबांनी वर माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात आणखी मेण भरून काय होणार होतं?

म्हणून तुम्हाला विनवते. असा एखादा घोगरा आवाज, आधी एका बाईचा श्वास असलेला, तुमच्या फोनमध्ये आला असेल तर पुसून टाका. पुढे पाठवू नका. एकदाच म्हणून वाजवून बघू नका.

थोरली जेवलीच नाही, पुन्हा ढोलीकडे गेली आहे. आता उन्हं उतरली. बाबा उठून बसले आहेत, ताट समोर तसंच आहे आणि दाराकडे बघताहेत. ती अजून आलेली नाही.