जादा शून्य

साठी उलटली तरी नाण्यांच्या बाजारात त्याला सगळे धाकट्याच म्हणत, कारण त्याच धंद्यात त्याचा दादा होता. वडील गेल्यावर वाटणीत दोघांची अशी जुंपली की अकरा वर्षं त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

बोली मात्र रोज बघायचे. व्यापाऱ्यांचा संगणकावर एक सामाईक फलक होता. त्यावर ज्याने त्याने टाकायचं, अमुक साल, अमुक प्रत, इतक्याला घेईन. कुणी 'दिलं' म्हणून कळ दाबली की बोली लावणाऱ्याला नाणं न बघता घ्यावंच लागे. दादाची एक बोली तिथे अकरा वर्षं ठाण मांडून होती, वडिलांनी पहिल्या कमाईतून घेतलेल्या चांदीच्या नाण्याची. त्या सालचं, इतकं कोरं नाणं अख्ख्या बाजारात एकट्या धाकट्याच्या खणात होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तोंडाने माग ना! जीभ झडली का?" धाकटा रोज सकाळी पडद्याला सुनवायचा आणि कामाला लागायचा. खरं सांगायचं तर ती ओळ दिसली की त्याला बरं वाटे. दादा आहे, तिकडे दुकान उघडून बसलाय, एवढं कळायचं. पण हे तो बायकोपाशीही कबूल करणारा नव्हता.

एका मंगळवारी त्या ओळीत एक शून्य जास्त दिसलं. नव्वद हजारांचे नऊ लाख!

या धंद्याची एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण पाळतात सगळे. कुणाच्या बोलीत शून्य जास्त पडलं, तर आधी फोन करून सांगायचं, "साहेब, शून्य बघा तुमचं." अगदी वैऱ्यालाही सांगायचं.

धाकट्याने फोन उचलला. दादाचा नंबर पाठ होता. अर्धे आकडे दाबले आणि वाटणीच्या दिवशी दादा चारचौघांत जे बोलला ते आठवलं. "तुला नाण्यातलं काय कळतं?" एवढंच बोलला होता, पण अकरा वर्षं सलत होतं. धाकट्याने फोन ठेवला आणि कळ दाबली. दिलं.

"अहो, दादांचे डोळे अधू झाले असतील," बायको कळवळली. "एक फोन करायला काय जात होतं?"

"भांडायला येईल ना आता. येऊ दे!"

ते तो रागाने बोलला, पण दादा यावा असंच त्याला मनापासून वाटत होतं. भांडायला का होईना. त्याने नाणं पाकिटात घालून पाठवलं आणि तीन दिवस दुकानाच्या दाराकडे डोळे लावून बसला.

दादा आला नाही. शुक्रवारी पैसे आले, पुरते नऊ लाख. या वेळी धाकट्याने सगळे आकडे दाबले. फोन वहिनींनी उचलला.

"वहिनी, मी..."

"ओळखला आवाज. आज पहाटे गेले ते, भाऊजी. तीन महिने अंथरुणावरच होते."

"मला कळवायचं तरी!"

"मी म्हटलं होतं. तर म्हणाले, मी कुठल्या तोंडाने बोलावू? त्याला निमित्त देतो. माझ्याकडूनच ते शून्य टाकून घेतलं. म्हणाले, आता फोन करेल, वैऱ्यालाही करतात. मंगळवारी फोन छातीवर ठेवून पडून होते. पाच जणांचे आले. सगळ्यांना म्हणाले, ठेवा, लाइन मोकळी राहू द्या. मग तुमचं 'दिलं' आलं."

धाकट्याने विचारलं, "मग पैसे का दिले?"

"शब्द म्हणजे शब्द म्हणाले. दुकानातला चांगला माल होता तो सगळा विकायला लावला."

"आणि नाणं?"

"पाकीट काल आलं. मी फोडायला गेले, तर नको म्हणाले. न बघता घ्यायचं असतं म्हणाले. उशाशी ठेवायला सांगितलं, ते तसंच बंद आहे."