हंडा वाजला की

सूर्यमाळच्या त्या पाड्यावर एप्रिल लागला की विहीर तळ दाखवते आणि बायका खाली ओहळातल्या झिऱ्यावर जायला लागतात. झिरा म्हणजे वाळूत खणलेला गुडघाभर खड्डा. त्यात पाणी पाझरतं, पण कसं, तर रुसल्यासारखं. वाकून बसायचं, वाटीने उपसायचं, हंड्यात ओतायचं आणि पुन्हा वाट बघायची. एका हंड्याला तास जातो, आणि तो अख्खा तास पाठ रानाकडे असते.

म्हणून उतरताना हंडा वाजवायचा. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या हंड्यावर वाटी, ठण् ठण् ठण्. वाघाला कळतं की माणसं येतायत, मग तो आपल्या वाटेने निघून जातो. पाड्यावर बिबट्यालाही वाघच म्हणतात. हिरी चालायला लागली तेव्हाच तिच्या आयने, कोंडीने, तिला हे शिकवलं होतं.

हेच हिरीने कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि सर्वेश सर जाम खूश झाले.

सर्वेश सर मुंबईहून आले होते, लहान मुलांसाठी टीव्हीची मालिका करायला. नाव ठरलं ‘हिरीचं रान’. खरं तर नववीतली ही हिरी हजेरीला इतकी हळू ‘हजर’ म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडायच्या. पण कॅमेरा समोर आला आणि काय झालं कोण जाणे, तिने सरळ भिंगात बघून खेकड्याच्या नांग्यांवर दहा मिनिटं भाषण ठोकलं. खेकडे झाले, मुंगळे झाले, घुबड झालं. राहिला वाघ.

“नुसते ठसे दाखवले तर मुलं चॅनेल बदलतात,” सर म्हणाले. “वाघ दिसला पाहिजे.”

मग रोजचा शिरस्ता ठरला. दिवस कलला की हिरीने हंडा वाजवत झिऱ्यावर उतरायचं. तिचा शॉट झाला की पाड्यावरच्या लक्ष्यामामाने एक कोंबडी झिऱ्याजवळच्या दगडाला बांधायची, आणि सगळ्यांनी कापडी आडोशात चिडीचूप बसायचं. झिऱ्यावर दुसरं कोणी फिरकू नये म्हणून सरांनी पाड्याला टँकर लावून दिला. टँकर हिरीमुळे आला. बायका तिला हिरीताई म्हणायला लागल्या, आणि हिरीच्या पायांना जमीन लागेना.

पहिले दोन दिवस कोंबडी तशीच परत आली. तिसऱ्या दिवशी पिसं उरली. पाचव्या दिवशी वाघ दिसला, पण अंधारात. सहाव्या दिवशी जरा आधी, सातव्या दिवशी त्याहून आधी.

आठव्या दिवशी कोंबडी अजून बांधलीही नव्हती. हिरीने उतारावर पहिली ठण् वाजवली आणि समोरच्या करवंदीच्या जाळीतून दोन कान वर आले. तो पळाला नाही. बाहेर आला, वाळूत बसला, अगदी जेवायला पाट मांडल्यासारखा.

“कोणी हलू नका,” सर आडोशातून कुजबुजले. त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता.

हिरी एकेक पाऊल मागे सरकत आडोशापाशी आली. तिला हसू फुटलं. “मामा, त्यालापण टीव्हीत यायचंय.”

लक्ष्यामामा हसला नाही. “तो तुला नाय बघत, पोरी. हंड्याला बघतो.”

दुसऱ्या दिवशी सामान भरून गाड्या मुंबईला गेल्या. टँकरही गेला.

त्यानंतरच्या पहाटे हिरीला जाग आली ती आवाजाने. ठण् ठण् ठण्. लांब जाणारा, उतारावरचा. आयचं अंथरूण रिकामं होतं.

मामाचं बोलणं तिला आत्ता कळलं. ती अनवाणी धावली. निम्म्या उतारावर तिने आयचा हात धरला.

“आय, वाजवू नको.”

“मग काय, गाणी म्हणू? सोड. उन्हाच्या आधी भराय लागंल.”

“आम्ही त्याला कोंबड्या घातल्या, आय. हंडा वाजवून.”

कोंडी थांबली. “किती दिस?”

“आठ.”

“रोज?”

“रोज.”

कोंडीने लेकीला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त वाटी मुठीत आवळली आणि खाली बघितलं. वारा नव्हता, तरी करवंदीची जाळी हलली, थांबली.

वर पाड्यावरून बाकीच्या बायका निघाल्या होत्या. ठण् ठण्, ठण् ठण्, सहा-सात हंडे एकदम.

“जा,” आय म्हणाली. “तुझं तोंड लय चालतं ना आता? सांग त्यांना.”

हिरी वर गेली. कॅमेऱ्यासमोर न अडखळणारी हिरी पाड्यातल्या बायकांसमोर तीनदा अडखळली, पण सांगितलं सगळं. कोणी शिवी दिली नाही. हिरीताई मात्र कोणी म्हटलं नाही. पाणी तर हवंच होतं, आणि दुसरीकडे कुठे नव्हतं.

मग त्या दिवसापासून बायका झिऱ्यावर मुक्याने उतरायला लागल्या. एक उपसते, बाकीच्या तिच्याभोवती रानाकडे तोंड करून उभ्या राहतात. पूर्वी वाघ कुठे नाही ते ठाऊक असायचं. आता काहीच ठाऊक नसतं.

वाकून बसायची पाळी हिरी रोज स्वतः मागून घेते. ती वाटी भरते, हंड्याच्या तोंडाशी अलगद नेते, श्वास धरून ओतते. परवा हात ओला होता. वाटी निसटली आणि काठावर आपटली.

ठण्.

सगळ्या जाळीकडे बघत होत्या. हिरीची पाठ मात्र तिकडेच होती.