उजव्या पायाचा गिअर

मित्रांनो, मी एक जुनी इटालियन मोटारसायकल आहे. पण हे माझ्या आताच्या मालकांसमोर बोलू नका. ते मला ‘विंटेज’ म्हणतात. जुनी वस्तू भंगारात जाते आणि विंटेज वस्तू दिवाणखान्यात. मधे फक्त रंगाचा हात फिरलेला असतो.

मी घडले वेगासाठी. लांब टाकी, खाली वाकलेले हँडल, आणि जन्मापासूनची एक खोड: माझा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटे. अशा मला विकत घेतले एका दातांच्या डॉक्टरांनी. त्यांच्याकडे येताना लोकांचे पाय जड होत. त्यांना स्वतःला मात्र सगळीकडे लवकर पोहोचायचे असे.

लग्नानंतर डॉक्टरीणबाईंनी मला चालवायचा हट्ट धरला. त्यांनी भावाच्या मोटारसायकलवर हात बसवला होता, त्यामुळे अंगणातच त्यांनी गिअर समजून डावा पाय दणकून दाबला.

“अगं, तो ब्रेक आहे! गिअर उजव्या पायात!” डॉक्टर ओरडत धावले, तोवर आम्ही दोघी घसरत जाऊन फाटकाच्या खांबाला भेटून आलो होतो. बाईंना खरचटलेही नाही. माझ्या टाकीला मात्र डाव्या अंगाला बशीएवढा पोचा आला.

“अहो, नीट करून आणा ना तो,” बाई ओशाळून म्हणाल्या.

“दिवसभर लोकांचे खड्डेच बुजवतो गं. घरचा एक राहू दे.”

तो राहिला. रस्त्यात कुठे थांबलो की डॉक्टरांचा डावा तळहात त्या पोच्यात जाऊन बसायचा. मागून बाई म्हणायच्या, “झालं का माझं कौतुक?”

मग बाई गेल्या. डॉक्टरांनी मला दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे केले, वर ताडपत्री घातली आणि पुन्हा आले नाहीत. ताडपत्री फाटली तेव्हा फटीतून ऊन आत येऊ लागले. थोडा वेळ माझ्यापाशी थांबे आणि निघून जाई. भेटायला येणारे तेवढेच. माझा लाल रंग त्याने हिरड्यांसारखा गुलाबी केला. भिंतीपलीकडे दात कोरायचे मशीन घरघरे, तेव्हा वाटे, आपल्या जातीचे कोणीतरी जवळपास आहे. पुढे तेही थांबले.

डॉक्टर थकले आणि भाचीकडे राहायला गेले. शेड रिकामी करताना भाचीने मला जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादाला दिले. उस्ताद कामाचा पक्का. त्याने माझा नट न् नट सोडवला, नवा लाल रंग दिला, किलोमीटरचा काटा शून्यावर आणला आणि टाकीचा पोचा असा काढला की बोटालाही सापडू नये. मग संग्राहकांसाठी जाहिरात दिली: ‘जशीच्या तशी!’

ती वाचून भाची एक दिवस डॉक्टरांना घेऊन आली. माझे सारे आयुष्य त्या एका भेटीवर येऊन टेकले होते. मला ओळखणारा माणूस जगात एकच उरला होता.

डॉक्टर काठी टेकत जवळ आले. डावा तळहात टाकीवरून फिरला. पुढे गेला, मागे आला. गुळगुळीत.

“ही नव्हे,” ते म्हणाले.

“अहो मामा, हीच ती! नंबर तरी बघा!” भाची त्यांच्या कानाशी ओरडली.

“नंबर कोणीही लावतो. ही कुणाची तरी नवीन गाडी आहे. चल.”

उस्तादाने घाईघाईने माझे इंजिन सुरू केले. पण दातांच्या मशीनने डॉक्टरांचे कान कधीच नेले होते. मी जीव तोडून गर्जत होते आणि ते फाटकाकडे चालले होते.

तेवढ्यात मला घ्यायला आलेले संग्राहकसाहेब, चांगले मिशीवाले गृहस्थ, फोटोसाठी माझ्यावर बसले आणि त्यांनी थेट मला हलवले. डॉक्टरांच्या शेजारून जाताना गिअर बदलायला म्हणून त्यांनी डावा पाय दाबला. माझे मागचे चाक जागीच खिळले आणि साहेब एका बाजूला कलले.

“अगं, तो ब्रेक आहे!” डॉक्टर वळून ओरडले. “गिअर उजव्या पायात!”

मिशीवाल्या माणसाला ‘अगं’ का म्हटले, याचा हिशेब कोणालाच लागेना. भाचीने तोंडाला पदर लावला. डॉक्टर परत आले, तळहात टाकीवर ठेवला, जिथे पोचा होता बरोबर तिथे.

“हीच गं ती,” ते भाचीला म्हणाले. “फक्त हिच्यावरची तुझी मामी पुसून टाकलीय.”

मग साहेबांकडे वळून म्हणाले, “अधूनमधून चालवत जा हिला.”

“चालवायची?” साहेब दचकले. “काटा पुढे जाईल ना!”

आता मी दिवाणखान्यात उभी असते. टाकी कोरडी, भोवती मखमली दोरी, काटा शून्यावर. पाहुणे म्हणतात, “वा, नवी कोरी दिसते!” आणि चहा गार होऊ नये म्हणून निघून जातात. डॉक्टर पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, चमकवा, तेलपाणी करा. पण त्यांना चालवा, आणि एखादा पोचा राहू द्या. कोणाचा तरी तळहात तिथे येऊन बसायचा असतो. कधीकधी पाहुण्यांचे मूल दोरीखालून शिरते, माझ्यावर चढते आणि डावा पाय दाबते. मी कान टवकारून असते. अजून मागून कोणी ओरडले नाही.