उद्या सुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी निळी व्हॅन आहे. माझ्याजवळ आलात तर नाक दाबाल, कारण आता माझ्या पोटात तारली आणि बांगडे असतात. पण एके काळी मी माणसं नेत असे, आणि ती माणसं माझी वाट बघत असत. असं भाग्य फार गाड्यांच्या वाट्याला येत नाही.

कारखान्यातून निघाले ती आधी एका बेकरीचे पाव वाहू लागले. मग मला वडकरा गावातल्या एका दिवसघराने विकत घेतलं. ज्यांना शिकायला-समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, अशी मोठी माणसं तिथे येत. दिवसभर छत्र्या जोडत, पंगतीला बसून भात आणि मासळीचं कालवण जेवत, भांडत, हसत आणि संध्याकाळी घरी जात. मी आले त्या दिवशी मला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. एक पुढारी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. पुन्हा काही ते दिसले नाहीत.

माझा ड्रायव्हर कणारन तोंडाचा फटकळ होता. दिवसघरात येणाऱ्या अम्मिणी नावाच्या बाईला माझ्या हॉर्नची धडकी भरायची. कान झाकून ती फाटकातच बसकण मारायची. कणारनने काही दिवस कुरकुर केली आणि मग स्वतःच कुठूनसा रबरी फुग्याचा भोंगा आणून माझ्या खिडकीशी बसवला. पों-पों! अम्मिणी खुदकन हसली आणि आत येऊन बसली. त्या दिवसापासून तोच माझा आवाज झाला.

गाडी माझी, स्टिअरिंग कणारनचं, पण हुकूम चालायचा तो पप्पनचा. पप्पनही दिवसघरातलाच, चाळिशीचा. केसांना चापून तेल, शर्टाला कडक इस्त्री. बसच्या कंडक्टरांकडे बघून तो सगळं शिकला होता. सगळे बसले की तो पत्रा दोनदा वाजवायचा, "राईट!" म्हणून ओरडायचा आणि सगळ्यांच्या शेवटी चढायचा. एकदा कणारनने घाईत आधीच गिअर टाकला, तर पप्पन खाली हाताची घडी घालून उभा राहिला.

"कंडक्टर कोण? तू का मी?"

"तुम्हीच साहेब. चुकलो. आता सोडा की गाडी, कालवण थंड होईल!"

गल्लीतली पोरं त्याला येडा पप्पन म्हणत. माझ्यात मात्र त्याला सगळे कंडक्टरसाहेबच म्हणत, आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग जागेच्या मालकाने जागा परत मागितली. दुसरी जागा बघायला दिवसघर चालवणाऱ्या गिरिजा टीचर गावभर हिंडल्या. लोक चहा पाजत, कौतुक करत आणि शेवटी म्हणत, "काम मोठं आहे हो तुमचं, पण आमच्या शेजारी नको." हे कौतुक ऐकून ऐकून माझं इंजिन तापायचं. अखेर दिवसघर बंद झालं.

शेवटच्या संध्याकाळी टीचर स्वतः सगळ्यांना पोचवायला आल्या. काय सांगायचं ते त्यांनी मनाशी घोकलं होतं. पप्पनच्या फाटकाशी मी थांबले.

"टीचर, उद्या सकाळी येणार ना?" त्याने विचारलं.

टीचरांनी त्याची डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली. "उद्या सुट्टी, पप्पन."

"आणि परवा?"

टीचरांनी कणारनला गाडी काढायला खुणावलं.  पप्पनने रोजच्यासारखा माझा पत्रा दोनदा वाजवला. "राईट!"

मला मम्मू नावाच्या मासेवाल्याने घेतलं. माझ्या सीटा उपटल्या, बर्फाच्या पेट्या ठेवल्या. भोंगा दाबून पाहिला आणि तो खूश झाला. "वा! हा तर आयताच मिळाला!" मासे विकायला त्याला असलाच भोंगा हवा होता.

पहिल्याच सकाळी आम्ही पप्पनच्या गल्लीत शिरलो. पों-पों! दार धाडकन उघडलं आणि पप्पन पिशवी, डबा घेऊन धावत आला.

"सुट्टी संपली! अम्मा, सुट्टी संपली!"

तो मागचं दार उघडून सरळ माशांच्या पेटीवर बसला. "अम्मिणी कुठाय? सीट कुठाय?"

"अहो दादा, उतरा, कपड्यांची वाट लागेल! अम्मा, यांना आवरा हो!"

त्याची म्हातारी आई, कौसूअम्मा, लगबगीने आली. "बाळा, ही मासळीची गाडी आहे."

"नाही. पों-पों वाजलं."

मी त्याचीच गाडी होते. पण हे कोण सांगणार?

हे रोजचंच झालं. मम्मू मनाचा वाईट नव्हता. काही दिवसांनी तोही म्हणू लागला, "सोडा गाडी, कंडक्टरसाहेब!" पप्पन पत्रा वाजवायचा, "राईट!" म्हणायचा आणि मग माझ्या मागे धावायचा. कंडक्टर शेवटीच चढतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला थांबता येत नव्हतं. एकदा तो कोपऱ्यावर जोरात पडला आणि त्याचे दोन्ही गुडघे सोलवटले.

दुसऱ्या दिवशी कौसूअम्मा एकटीच बाहेर आली. तिने मम्मूपुढे हात जोडले. "मम्मू, तेवढा भोंगा बदल रे बाबा. उद्या मोटारीखाली येईल तो."

मम्मूने ऐकलं. भोंगा काढून भंगारात दिला आणि टपावर कर्णा लावला. त्यात त्याचाच आवाज ओरडतो, "तारली घ्या, बांगडा घ्या!" माझा आवाज गेला. त्यांनी भल्यासाठीच केलं, पण दार उघडायचं बंद झालं.

परवा कौसूअम्मा मासे घ्यायला आली. ताटली पुढे केली, पण तिचं लक्ष माशांकडे नव्हतं.

"मम्मू, तो भोंगा आहे का रे अजून?"

"नाही अम्मा. कधीच भंगारात गेला. का?"

"डबा मांडीवर घेऊन बसतो दिवसभर. कान बाहेर. हाक मारली तर मलाच गप्प करतो, पों-पों ऐकू येणार नाही म्हणतो. पडत होता, पण बाहेर तरी येत होता रे."

मम्मूने दोन बांगडे जास्तीचे टाकले. दुसरं काय करणार? म्हातारी वळली. तिचा तोल गेला, म्हणून तिने माझ्या अंगावर हात टेकला. एकदा, मग पुन्हा. पत्रा दोनदा वाजला.

घरातून लगेच आवाज आला, "राईट!"

आणि मम्मूने सवयीने गिअर टाकला. कंडक्टर चढायचा राहिलाच.

मित्रांनो, मला धुऊ नका, पुसू नका, रंग देऊ नका. माझं काय, मी आज आहे, उद्या भंगारात जाईन. माझं एवढंच मागणं आहे. कुणाला 'उद्या सुट्टी' असं सांगाल, तेव्हा परवा काय, तेही सांगत जा.