एका ओळीत चार शब्द

वर्गात ई-रीडर आले तेव्हा बाईंनी नाक मुरडलं होतं. पुस्तक कसं हातात भरलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. वाचनाच्या तासाला प्रत्येकाने आपलं पुस्तक उंच धरून दाखवायचं, हा नियमही त्यांचाच. मागच्या बाकावरची लंबूटांग मुलगी दरवेळी तेच पातळ, चित्रांचं पुस्तक धरायची आणि वर्ग खुसुखुसु हसायचा.

आज तीच ई-रीडरमध्ये डोकं खुपसून बसली होती. बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एका ओळीत जेमतेम चार शब्द, तेही टपोरे.

"बिघडलंय वाटतं. आण इकडे," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, मीच मोठी केलीत अक्षरं. बारीक असली की एकमेकांत घुसतात." मग तिने आवाज खाली आणला. "जाडजूड पुस्तक आहे. अर्धं झालंय. यात कुणाला कळत नाही ना, मी किती हळू वाचते ते."

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. एवढा मोठा डोंगर ही पोरगी चार-चार शब्दांनी चढत होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

तास संपताना पुढून कुणीतरी विचारलं, "बाई, पुस्तकं वर धरायची ना?"

"तो नियम आजपासून बंद."

तरी मागून एक लांबलचक हात वर गेला. पडदा वर्गाकडे, अक्षरं तेवढीच मोठी. सगळ्यांनी माना वळवल्या. हसलं कुणीच नाही, कारण सगळे वाचत होते.