चेलोचा केसपेपर

डॉक्टरीणबाईंनी चेलोच्या पोटात तारेला बांधलेला इवलासा दिवा सोडला, टेबलावरचा मोठा दिवा मालवला आणि म्हणाल्या,

"आता बघा, काका."

चेलोच्या छातीवर, डाव्या नागमोडी फटीपासून खाली, वीतभर लांबीची उजेडाची रेघ उमटली होती. केसाएवढी बारीक, पण आरपार. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. रेघ होती तिथेच होती.

"परवा ठक्‌ असा आवाज आला," ते म्हणाले. "मला वाटलं, शेजाऱ्यांनी काहीतरी आपटलं."

"लाकूड चिरताना असाच आवाज येतो."

डॉक्टरीणबाई काही खऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्यांचे वडील तारांची वाद्यं दुरुस्त करायचे आणि प्रत्येक वाद्याचा दवाखान्यातल्यासारखा केसपेपर ठेवायचे: कधी आलं, काय दुखत होतं, काय उपचार केला, पथ्य काय सांगितलं. लोकांनी त्यांना डॉक्टर करून टाकलं. ते गेल्यावर दोन खोल्यांचं दुकान, सरसाचं भांडं, केसपेपरांचे चार खण आणि ही पदवी असं सगळंच लेकीकडे आलं. थंडी पडली की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. कुणाच्या खुंट्या सैल होऊन तारा लोंबायच्या, कुणाचा सांधा सुटायचा, कुणाची छाती चिरायची.

या गर्दीत काकांचा चेलो कधीच नसायचा. काका चाळीस वर्षं वाद्यवृंदात चेलो वाजवून निवृत्त झालेले. दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं ते व्हायोलिनचं थोरलं भावंड त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं होतं. बरोबरीच्या वादकांचे चेलो दर हिवाळ्यात इथे येऊन पडायचे, तेव्हा काका नुसत्या तारा न्यायला यायचे आणि उभ्या उभ्या सगळ्यांना शहाणपण शिकवून जायचे. वाद्याला जीव लावावा लागतो, नुसतं वाजवून भागत नाही, वगैरे. आज त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"घरात काय बदललं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"नवा हीटर घेतलात?"

"जुनाच आहे."

"चेलोची जागा हलवली?"

"तीस-बत्तीस वर्षं तीच खोली, तोच कोपरा."

"मग त्याला काय स्वप्न पडलं फाटायचं?" डॉक्टरीणबाईंनी दिवा बाहेर काढला. "हे बघा काका, बाहेरची गार हवा मुळातच कोरडी. ती घरात घेऊन तापवली की तिला तहान लागते. मग मिळेल तिथलं पाणी पिते. तुमच्या ओठांतलं पिते, हातांतलं पिते, लाकडातलंही पिते. लाकूड आक्रसायला बघतं, पण कडा सरसाने चिकटवलेल्या. जाणार कुठे बिचारं? मधेच चिरतं. तुमचा चेलो इतकी वर्षं टिकला, म्हणजे त्या खोलीत कुठूनतरी ओल येत होती. आणि आता ती बंद झालीय."

काकांच्या शर्टाच्या कॉलरला इस्त्री नव्हती, आणि स्वेटरचं एक बटण चुकीच्या घरात गेलं होतं. हे डॉक्टरीणबाईंना मघापासून दिसत होतं.

"काकू बऱ्या आहेत ना?"

"मुलीकडे गेलीय. नातवाला जरा बरं नाही."

"कधी गेल्या?"

"झाले तीन आठवडे."

तीन आठवडे कुणाच्या नातवाला जरा बरं नसतं? डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि काकांच्या समोर बसल्या. खोटं बोलायची काकांना सवय नव्हती. मिनिटभरात त्यांनी सगळं सांगून टाकलं.

दर हिवाळ्यात काकू त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधायच्या आणि धुतलेले कपडे तिथे वाळत घालायच्या. दर हिवाळ्यात काका ओरडायचे. स्वयंपाकघर मोकळं आहे, पॅसेज मोकळा आहे, तुला माझीच खोली दिसते का? काकू ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच चादरी घालायच्या. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. यंदा मात्र एका चादरीचं टोक ठिबकलं आणि पाण्याचे चार थेंब चेलोच्या खांद्यावर पडले.

"मग?"

"मी दोरी काढून फेकली."

"एवढ्यावरून काकू जायच्या नाहीत."

काकांनी चुकलेलं बटण सोडवायचा प्रयत्न केला. ते निघेना.

"म्हटलं, या घरात चेलो आहे म्हणून मी घरी येतो. नाहीतर आहे काय इथे?"

डॉक्टरीणबाईंना राग आला. त्या लहानपणापासून काकूंना ओळखत होत्या. काकांच्या प्रत्येक कार्यक्रमाला काकू पहिल्या रांगेत न बसता मागे दाराजवळ बसायच्या, कारण त्या पुढे बसलेल्या दिसल्या की काकांचा हात अवघडायचा. असल्या बाईला हे ऐकवायचं?

"काही बोलल्या?"

"नाही. ओलेच कपडे पिशवीत भरले आणि गेली. मी फोन केला नाही. तिनंही नाही केला."

राग गिळून डॉक्टरीणबाई उठल्या. नवं दुखणं लिहायचं म्हणून त्यांनी खणातून काकांच्या चेलोचा केसपेपर काढला. पुढच्या बाजूला फक्त तारांच्या नोंदी होत्या. लिहायला जागा उरली नव्हती म्हणून त्यांनी तो उलटला. मागे वडिलांचं बारीक, तिरकं अक्षर होतं आणि तारीख एकतीस वर्षांपूर्वीची.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. केसपेपर खणात ठेवला. खण लावला. रोग्याचं गुपित दुसऱ्याला सांगायचं नाही, हा वडिलांचा नियम होता आणि तो त्यांनी आजवर मोडला नव्हता. थोडा वेळ खणाच्या मुठीवर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी खण पुन्हा उघडला आणि केसपेपर काकांच्या हातात दिला.

"मागची बाजू वाचा."

काका ओठ हलवत वाचू लागले. *यांच्या पत्नी आज एकट्या येऊन गेल्या. थंडीत चेलो चिरतात हे ऐकून घाबरल्या आहेत. चेलोच्या खोलीत रोज ओले कपडे वाळत घालावेत असे सुचवले. यजमानांना हे कळू नये अशी त्यांची विनंती. म्हणाल्या, त्यांचा स्वभाव काळजीचा आहे, कळलं तर दिवसभर हवाच तपासत बसतील, वाजवणार कधी? त्यापेक्षा ते मला ओरडलेले परवडले.*

काकांनी केसपेपर मांडीवर ठेवला. रुमाल शोधला, तो मिळाला नाही, मग बाहीनेच डोळे पुसले.

"एकतीस हिवाळे," ते म्हणाले. "एकतीस हिवाळे मी तिला..."

डॉक्टरीणबाईंनी चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर काका एकदम उठले.

"तुझ्या फोनवरून करतो. आत्ताच्या आत्ता सांगतो तिला, ये बाई घरी, तुझ्याशिवाय चेलो..."

"चेलोसाठी बोलावणार?"

काकांचा हात फोनवरच थांबला.

"चेलोला ओला टॉवेल पुरतो, काका. दोन टॉवेल भिजवायचे, खुर्चीवर टाकायचे. तुम्हालाही जमेल. त्याच्यासाठी काकूंना त्रास द्यायचं कारण नाही."

"मग कशासाठी बोलवू?"

त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं होतं. परीक्षेत न आलेल्या प्रश्नाकडे बघावं तसे ते डॉक्टरीणबाईंकडे बघत होते.

"ते मी कसं सांगणार?" त्या म्हणाल्या.

काकांनी फोन खाली ठेवला. केसपेपर स्वतःच्या हाताने खणात, होता त्याच जागी ठेवला. दारापाशी जाऊन ते परत आले.

"मला हे कळलंय, हे तिला सांगायचं नाही. कधीच नाही. शब्द दे."

"दिला."

चेलो दुकानात राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी चार दिवस आतल्या दमट खोलीत नुसतं पडू दिलं, म्हणजे चिरेच्या कडा आपण होऊन जवळ येतात. जबरदस्तीने दाबून बसवलेली चीर पुढच्या थंडीत शेजारी दुसरी चीर घेऊन येते, हे त्या चुका करून शिकल्या होत्या. मग कोमट सरस भरला, आतून बोटाच्या पेराएवढ्या लाकडी चकत्यांचे टाके घातले. दहाव्या दिवशी तार छेडली तेव्हा आवाज पहिल्यासारखा निघाला. त्यांनी काकांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. एरवी नुसती तार बदलायला दिली तरी दिवसातून तीनदा फोन करणारा माणूस अकरा दिवस गप्प होता. डॉक्टरीणबाईंच्या जिवाला घोर लागला. एकटा म्हातारा माणूस, त्यात ही थंडी. केसपेपर दाखवला ते चुकलंच की काय, असंही त्यांना वाटू लागलं.

तेराव्या दिवशी दुपारी दार उघडून काकू आत आल्या. अंगावर जाड कोट, गळ्याभोवती दोन वेढे घेतलेला मफलर, नाक लाल झालेलं.

"काय गं, झाला का बरा तुझा पेशंट?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली कानस खाली ठेवली. "कधी आलात? आणि काका?"

"परवा आलो दोघं. ते मागून येतायत, चालायला वेळ लागतो आता त्यांना." काकू स्टुलावर बसल्या आणि मफलर सोडू लागल्या. "अगं, गंमत सांगते तुला. हे मुलीकडे येऊन दारात उभे. ना फोन, ना सामान. मला वाटलं, चेलोचं काहीतरी झालं. नाहीतर हे कशाला येतायत? मी विचारलं, चेलो बरा आहे ना? तर म्हणाले, चेलोचं काय मधेच? मग कशाला आलात म्हटलं. तर जावयासमोर, नातवासमोर म्हणाले, करमत नाही तुझ्यावाचून."

काकूंना हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"आठ-नऊ दिवस राहिले तिकडे. मी हट्टानं निघत नव्हते ना. एकदाही चेलोचं नाव नाही. या माणसानं लग्नातसुद्धा चार वेळा चेलोची चौकशी केली होती! घरी येऊन बघते तर कोपरा रिकामा. मी घाबरलेच. तर म्हणाले, चिरलाय, दुरुस्तीला दिलाय, होईल तेव्हा होईल. म्हणजे बघ, चेलो फुटलेला असताना हा माणूस मला आणायला आला आणि अवाक्षर बोलला नाही. मी आत जाऊन रडून घेतलं थोडं."

डॉक्टरीणबाई उठल्या आणि चेलोवरचं कापड काढलं. काकूंनी चीर होती तिथे बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"कशानं चिरला म्हणून विचारलं असेल ना त्यांनी?" काकूंनी आवाज उतरवला. "तू काय सांगितलंस?"

"थंडी, म्हटलं. यंदा जास्त आहे."

"तेवढंच?"

"तेवढंच."

काकूंचे खांदे सैल पडले. "बरं केलंस. तुझ्या बाबांचं आणि माझं एक ठरलं होतं. सांगेन कधीतरी. आल्या आल्या दोरी बांधलीय मी खोलीत. काल चादरी घातल्या, आज चेलो मिळालाच तर म्हणून."

"काका ओरडले?"

"ओरडले की! धोबीघाट केलायस म्हणाले. पण वय झालं गं त्यांचं, पूर्वीसारखा जोर नाही. दोन वाक्यांत आटोपलं, आणि ओरडता ओरडताच चादरीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. मी पिळायला लागले तर म्हणाले, फार पिळू नकोस, हात दुखतील." काकूंनी आपले हात पुढे धरले, उलटेसुलटे करून पाहिले. "माझे हात दुखतात, हे यांना कुणी सांगितलं?"

डॉक्टरीणबाई चेलोवर वाकल्या. चांगली लागलेली एक खुंटी त्यांनी उगाचच सैल केली आणि पुन्हा पिळायला घेतली.

"तू काही बोलली नाहीस ना त्यांना?"

"मी कशाला बोलू, काकू?"

बाहेर पायरीवर काका बुटांची माती झटकत होते. काकू उठल्या आणि त्यांना हात द्यायला दाराकडे गेल्या.