समन्स कोणी नेऊन द्यायचं

"समन्स तुम्ही स्वतः नेऊन दिलंत?" न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"मग काय! ज्याच्यावर बोट रोखायचं, त्याला तोंडावर सांगायचं. आमच्या चर्चमध्ये हीच रीत आहे," व्हर्लीन टॉल्बर्ट म्हणाली.

एकसष्ट वर्षांची, इस्पितळाच्या चादरी धुणारी ही बाई वकिलावाचून आपला खटला लढत होती. अलाबामातल्या तिच्या गावच्या जाहीर सभेत तिने काळ्यांच्या वस्तीतल्या तुंबलेल्या गटाराबद्दल विचारलं, तर नगराध्यक्ष कॅल्व्हर्टने पोलिसाकरवी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याला शपथेवर जाब द्यायला लावायचं, एवढंच तिला हवं होतं.

पण कायदा वेगळा निघाला. समन्स फिर्यादीने स्वतः देऊन चालत नाही, दुसऱ्या सज्ञान माणसाने द्यावं लागतं. आणि ते पोचवायचे नव्वद दिवस उलटले होते. न्यायाधीशांनी खटला काढून टाकला.

"म्हणजे मी खोटी?"

"तसं मी म्हटलेलं नाही, बाई. पुन्हा दाखल करा. पण फिर्याद करायच्या मुदतीचे तीनच आठवडे उरलेत."

"तीन आठवडे पुष्कळ झाले," असं म्हणून ती इतक्या तोऱ्यात बाहेर पडली, की दारावरच्या शिपायाला वाटलं बाई जिंकली.

दुसऱ्याच दिवशी तिने नव्याने फिर्याद ठोकली. आता समन्स न्यायला माणूस हवा होता. पाद्री म्हणाले, "मी प्रार्थना करीन." शेजारची अर्नेस्टीन म्हणाली, "माझा मुलगा नगरपालिकेत आहे गं." धीर द्यायला सगळे तयार, दारात जायला कोणी नाही. व्हर्लीनला मनापासून संताप आला.

"नवऱ्याला विचारलंस?" लूशस स्वयंपाकघरातून म्हणाला.

तिने त्याला विचारलं नव्हतं. तीस वर्षं तो कॅल्व्हर्टच्या बंगल्याची झुडपं कापत होता. तिथे तो दर गुरुवारी मागच्या दाराने जाई, खाली मान घालून. त्याला भरीला घालायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"तुला जमेल?"

"सज्ञान आहे की मी. आण इकडे."

रविवारचा कोट चढवून तो मंगळवारी सकाळी गेला. तासाभराने परतला तेव्हा ती दारापुढच्या ओट्यावर उभीच होती.

"घेतलं का त्यानं?"

"घेतलं. आधी म्हणाला, 'लूशस, मागून ये.' म्हटलं, 'साहेब, आज पुढूनच काम आहे.'"

"आणि गुरुवारचं काम?"

"येऊ नकोस म्हणाला. माझी कात्री तेवढी परत घेऊन आलो."

लूशस पायऱ्या उतरला आणि कोट अंगात तसाच ठेवून स्वतःच्या फाटकापाशी वेड्यावाकड्या वाढलेल्या कुंपणाला कात्री लावू लागला.